डावी मागची स्प्रिंग

बसल्यावर त्याला कळलं की आपण बसलोय. बुधवारची दुपार होती, चष्म्याचं दुकान बुधवारी अर्धा दिवस बंद असायचं, आणि घरी परतताना डाव्या बुटाची नाडी सुटली होती. भंगारवाल्याच्या दारापुढे फुटपाथवर काहीतरी चौकोनी, सपाट दिसलं म्हणून त्याने त्यावर बूड टेकलं. टेकायला छोटी उडी मारावी लागली, आणि ती पायांनी त्याला न विचारताच मारली. वर बसल्यावर पाय अधांतरी लोंबले, टाचा मागे गेल्या आणि पत्र्यावर आपटल्या. ठण्ण. तो आवाज टाचांतून गुडघ्यांत आला, गुडघ्यांतून पोटात, आणि पोटात पोचल्यावर त्याच्या एकोणपन्नास वर्षांतली बेचाळीस वर्षं कुठल्या कुठे निघून गेली. ओल्या कपड्यांचा, साबणाचा आणि गरम झालेल्या मोटारीचा एकत्र वास आला. वास अर्थातच नव्हता, रस्त्यावर डिझेलचा धूर होता; पण नाकाने ऐकलं नाही. त्याने खाली पाहिलं. पिस्ता रंग, कोपऱ्याकोपऱ्याला उडालेला. गोल काळी बटणं दोन, तिसऱ्याच्या जागी भोक. आणि पुढच्या पत्र्यावर त्या ओळखीच्या तीन उभ्या चंदेरी पट्ट्या, ज्यांतली मधली लहानपणी त्याने नखाने सोलून काढली होती. ही लहानपणच्या घरातली ती धुण्याची मशीन नव्हे. हिची मधली पट्टी शाबूत होती. पण ही तिची सख्खी बहीण होती, त्याच कारखान्याची, त्याच घाटाची. तो उतरला, झाकण उघडलं, तर आत टबात एक मांजर झोपलेलं. भंगारवाला दातात काडी धरून बाहेर आला आणि म्हणाला की साहेब, मांजर वेगळं मिळेल, यंत्र वेगळं.

संध्याकाळी हातगाडीवरून यंत्र घरी आलं तेव्हा बायको शाळेतून नुकतीच परतली होती. ती भूगोल शिकवायची आणि घरातल्या प्रत्येक इंचाचा तिच्या डोक्यात नकाशा होता. तिने यंत्राकडे पाहिलं, मग न्हाणीघरात उभ्या असलेल्या आपल्या नव्या, पांढऱ्या, शहाण्या यंत्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ती काही बोलायच्या आत तो म्हणाला की महिनाअखेरपर्यंत चालू झालं नाही तर परत नेऊन देईन. महिनाअखेरपर्यंत, असं ती म्हणाली, आणि त्या शब्दावर दोघांनीही एकदम खिडकीकडे पाहिलं, कारण महिनाअखेरला आणखीही एक माणूस जायचं होतं. ते माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसलं होतं. त्याची आई. बाबा गेल्यानंतर एक ट्रंक, एक उशी आणि बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन ती इकडे आली त्याला पाच महिने झाले, आणि पाच महिन्यांत तिने जे काही शब्द वापरले ते बोटांवर मावले असते. बहुतेक वेळा एकच वापरायची. बरं. आई, चहा ठेवू का? बरं. भाजीत मीठ राहिलं वाटतं. बरं. पंखा बंद करू? बरं. चालू करू? बरं. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, छातीला नळी लावली आणि सांगितलं की सगळं ठणठणीत आहे, बोलायला विषय द्या. त्यांनी विषय दिले. बायकोने तर ज्वालामुखीपासून सुरुवात केली. आई ऐकायची, शेवटी बरं म्हणायची. दुसऱ्या गावी राहणारी ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, फोनवर म्हणाली की तुझ्याकडे नाही रमत ती, मुळात तू तरी कुठे बोलतोस; मी येते महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि घेऊन जाते. आईला विचारलं, ताईकडे जातेस का? बरं. आता हे 'बरं' हो होतं की नुसतंच बरं, हे कुणाला सांगता येईना, आणि त्याला मनातून एवढंच ठाऊक होतं की आई अशी मिटलेली गेली तर मिटलेलीच जाईल, आणि मग आपण तिला पाच महिने सांभाळलं म्हणजे काय, तर एका खुर्चीवरून उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवेपर्यंत धरून ठेवलं. म्हणून तो यंत्रावर बसला असताना त्याच्या टाचांनी पत्रा वाजवला तेव्हा त्याला वासाच्याही आधी आठवला होता तो आईचा आवाज.

कारण आई बोलायची ती यंत्रावर बसून. त्या लहानपणच्या घरात यंत्र आलं तेही असंच, कुणा बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून, आणि आठव्या दिवशी बंद पडलं. बाबा नकाशे आखायच्या कचेरीत होते. सुईच्या टोकाएवढ्या अक्षरांत ओढ्यांची नावं लिहिणारे बाबा यंत्र दिसलं की हातात पाना घ्यायचे, आणि त्यांनी उघडलेली वस्तू पुन्हा मिटायची तेव्हा दोन-चार भाग बाहेर उरायचेच. पंखा मिटला तर वॉशर उरायचा, घड्याळ मिटलं तर चाक. बाबा तो उरलेला भाग कागदात गुंडाळायचे, वर सुबक अक्षरात नाव घालायचे आणि डब्यात ठेवायचे, जणू यंत्राने खूश होऊन दिलेली बिदागीच. म्हणून यंत्राबद्दल बाबा जे सांगतील त्याच्या बरोब्बर उलट करायचं, असा घरात एक नियमच पडून गेला होता, आणि बाबाही तो पाळायचे. तर ते पिस्ता रंगाचं यंत्र बाबांनी उघडलं आणि मिटवलं, ते सुरू झालं, आणि कपडे पिळायची वेळ येताच ते चालायला लागलं. आतला टब चार स्प्रिंगांवर चार कोपऱ्यांना टांगलेला असतो. त्यातली एक बसवायची राहिली होती, त्यामुळे टब एका अंगाने लचकायचा आणि अख्खं यंत्र धडधडत, थयथयत, न्हाणीघरातून निघून दाराच्या दिशेने जायचं. वायर संपली की पिन उपटली जायची आणि ते जिथल्या तिथे, अर्ध्या उंबऱ्यात, मान टाकायचं. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणायचे, तिला बाहेरची हवा हवी असेल. तीन रविवार हे असं चाललं. चौथ्या रविवारी आई वैतागून, मांडीवर शेंगांचं ताट घेऊन, थेट त्याच्या डोक्यावर जाऊन बसली. यंत्र जागच्या जागी थरथरत राहिलं, पण हललं नाही.

त्याआधी आईला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे ती बसत असेल, माणूसच ती, पण कुणाच्या आठवणीत ती बसलेली नव्हती. जेवायचीसुद्धा ओट्याला टेकून, एक डोळा तव्यावर ठेवून. आता दर रविवारी तीन घाणे कपडे निघायचे आणि तीन घाणे आई बसायची. वर एक चपटी उशी घ्यायची. आतून बाबा ओरडायचे, माझा पांढरा सदरा कुठे आहे? मी बसलेय, आई सांगायची. आत्या यायची, म्हणायची वहिनी, चहा? मी बसलेय. हे पुरेसं उत्तर होतं. ती उठली असती तर यंत्र निघून गेलं असतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कामाने तिला उठवणं शक्य नव्हतं. आणि त्या धडधडाटात आपलं कुणाला ऐकू जात नाही अशा खात्रीने ती मोठ्याने बोलायची, स्वतःशी, शेंगांशी, तिसऱ्या घाण्याला मांडीवर घेतलेल्या धाकट्याशी, म्हणजे त्याच्याशी. सगळ्या घराला ऐकू जायचं. तिच्या माहेरची विहीर, तिला पूर्वी येत असलेलं आणि पुढे सुटलेलं चित्र काढणं, आत्याच्या नाकाची लांबी, देवाघरी गेलेल्या सासूबाईंशी बाकी राहिलेली दोन-तीन भांडणं. यंत्राच्या थरथरीने शब्दांना शहारे यायचे, ब-ब-बाई गं, असे. आणि कधीमधी त्याच ठेक्यावर ती ओळी जुळवायची, जुन्या जात्यावरच्या चालीत, पण शब्द तिचेच:

पिस्ता रंगाचा घोडा, बसले त्यावर दुपारी,
उंबरा ओलांडेना, हिंडून येते जगभरी.

बाबा तेव्हा पलीकडच्या खोलीत पोटावर पालथे पडून, हातात टॉर्च घेऊन, पलंगाखाली ती हरवलेली स्प्रिंग शोधत असायचे. येत्या रविवारी उघडतोच तिला, एकदा ती स्प्रिंग मिळू दे, असं त्यांचं चालायचं. आई म्हणायची, राहू दे हो. पण बाबा शोधत राहिले, आणि मग केव्हातरी एकदम शोधायचे थांबले. का थांबले ते कुणी विचारलं नाही. आम्हाला काय, तो आता मनात म्हणाला, आम्हाला तिसरा घाणा मिळायचा.

पुढचे अठरा दिवस तो दुकानातून आला की जमिनीवर बसायचा. आयुष्यभर त्याने पिळले होते ते चष्म्याच्या दांडीचे, तिळाएवढे स्क्रू. यंत्राचे बोल्ट हातात घेतल्यावर त्याला आपण राक्षसाचा चष्मा दुरुस्त करतोय असं वाटायचं. बाबांसारखं होऊ द्यायचं नाही, असा त्याने पणच केला होता. एकही भाग उरता कामा नये. म्हणून दुकानातल्या जुन्या चष्म्याच्या डब्या त्याने आणल्या, तेवीस, प्रत्येकीत एका जागेचे स्क्रू, आणि झाकणावर चिठ्ठी. घरभर डब्या पसरल्या. बायको एके सकाळी घाईत स्वतःचा चष्मा म्हणून 'मागचा पत्रा, खालची ओळ' घेऊन शाळेत गेली आणि भर वर्गात सहा बोल्ट टेबलावर सांडले. संध्याकाळी तिने ते परत आणून दिले, मोजून, आणि म्हणाली की मुलींना सांगितलं, हा खनिजांचा नमुना आहे. गंजलेल्या बोल्टांना त्याने रॉकेल पाजलं. पट्टा कडक होऊन तडकला होता, तो शिलाई यंत्राच्या दुकानातून नवा आणला. मोटार घेऊन तो वाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटारीच्या तारा नव्याने गुंडाळणाऱ्याकडे, गेला. तो म्हातारा मोटारीला कान लावून बसला, नाडी पाहिल्यासारखा, आणि म्हणाला की तांबं जुनं आहे, चांगलं आहे, आताच्या मोटारींत जीव नसतो. चार दिवसांनी त्याने गुंडाळी नव्याने करून दिली. एकदा घरी त्याने पिन काढायचं विसरून आत हात घातला, आणि विजेने त्याला असा एक सणसणीत नमस्कार घातला की तो शेजारी ठेवलेल्या डब्यांसकट मागे पडला. आईने खिडकीपासून मान वळवून पाहिलं. तो पडल्यापडल्या आशेने तिच्याकडे बघत राहिला. बरं, असं ती म्हणाली नाही, पण दुसरंही काही म्हणाली नाही.

आणि मग शेवटच्या शुक्रवारी, सगळं जुळत आलेलं असताना, डावी मागची स्प्रिंग निघाली मोडकी. तिचा खालचा आकडा गंजून तुटला होता. त्याने बाजार पालथा घातला. वाइंडिंगवाला म्हणाला, हिच्या वयाची स्प्रिंग आता बनत नाही. भंगारवाल्याने काडी या दातातून त्या दातात नेली आणि मांजर देऊ केलं. रात्रीचं जेवण त्याने खाली मान घालून उरकलं, आणि हात धुताना त्याला आठवला तो डबा. आईच्या ट्रंकेवर ठेवलेला, पाच महिने कुणी न उघडलेला. उघडताना त्याने आईकडे पाहिलं. ती झोपेला लागली होती. आत कागदाच्या पुड्याच पुड्या, नकाशाच्या कागदाच्या कापलेल्या कडांच्या, आणि प्रत्येकीवर ओढ्यांची नावं लिहिणारं ते अक्षर. 'पंखा, बैठकीतला. वॉशर एक.' 'घड्याळ. चाक. याच्याविनाही वेळ बरोबर दाखवते.' 'रेडिओ. देव जाणे.' तो एकटाच हसला, आणि त्याचा चष्मा धूसर झाला, तेव्हा तो पुसावा लागला. तळाशी एक लांबट पुडी होती. 'धुण्याचे यंत्र. स्प्रिंग, डावी मागची. पुन्हा लावू नये.' घडी अर्धी उलगडताच स्प्रिंग घरंगळून हातात आली. जाड, काळी, तेल लावून ठेवलेली, दोन्ही आकडे धड. म्हणजे सापडली होती तर. आणि लावू नये म्हणजे काय, बाबांनी लावू नये म्हटलं म्हणजे लावायलाच हवी, हे त्याच्या बोटांना लहानपणापासून पाठ होतं. कागद त्याने तसाच चोळामोळा करून चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत कोंबला, पुढेमागे हात पुसायला होईल म्हणून.

रविवारी सकाळी तेवीसच्या तेवीस डब्या रिकाम्या होत्या, एक बोळा तेवढा सोडून. जमिनीवर काही उरलं नव्हतं. आपण बाबांच्या पुढे गेलो, असं वाटून त्याला अभिमानाबरोबर बारीकशी चोरी केल्यासारखंही वाटलं. न्हाणीघराच्या दाराशी त्याने यंत्र लावलं, पाणी सोडलं, कपडे घातले, बटण फिरवलं. मोटार घुमली. टब हलला. बायको दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, तिला नको असताना, कौतुक उमटत होतं. तेवढ्यात मागे पावलं वाजली. आई खुर्चीतून उठून आली होती. पदर खोचलेला, आणि काखेत ती चपटी उशी. आता ती बसेल, या आशेने त्याने पिळायचं बटण फिरवलं. टब गरगरला, वेग घेतला, आणि यंत्र उभं राहिलं. नुसतं उभं राहिलं. ना धडधड, ना थयथयाट, चौघांत बसवलेल्या नव्या जावयासारखं, आतल्या आत गुणगुणत. झाकणावर त्याने पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. आईने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काखेतली उशी दुसऱ्या काखेत घेतली.

"बरं," ती म्हणाली, आणि वळली.

आता त्याला कळलं. अठरा दिवस त्याने एक यंत्र दुरुस्त केलं होतं, आणि त्याला ते नको होतं. त्याला नादुरुस्त यंत्र हवं होतं, नेमकं एका स्प्रिंगेने नादुरुस्त. संध्याकाळच्या गाडीने ताई येणार होती. आईची पाठ पुन्हा खुर्चीकडे चालली होती. तेव्हा पंचवीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा समोरच्या माणसाच्या नाकावर चौकट ठेवून, काच बदलून, तो जे विचारत आला होता तेच तोंडातून बाहेर पडलं.

"आई, हे चांगलं की आधीचं?"

ती थांबली. दुकानात म्हातारी माणसं थांबतात तशीच, खरं सांगावं की नंबर वाढेल या भीतीने गप्प राहावं असा विचार करत.

"आधीचं," ती म्हणाली. मग वळून यंत्राकडे न पाहता त्याच्याकडे पाहत म्हणाली, "धाकट्या, हिची तर मोडली होती ना, मग ही स्प्रिंग तुला मिळाली कुठे?"

बाबांच्या डब्यात, आपल्या जुन्या यंत्राची, तो म्हणाला. तर ती हसली, आणि शक्यच नाही म्हणाली. शक्यच नाही, कारण ती स्प्रिंग तिनेच लपवली होती. त्या चौथ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी झाडताना पलंगाखाली मिळाली होती तिला, द्यायलाही निघाली होती, पण तोवर ती एकदा यंत्रावर बसली होती. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले पाय दुखतात. आधी कधी दुखलेच नव्हते, कारण विचारायला वेळ नव्हता. मग तिने ती शिवणाच्या यंत्राच्या खणात, रिळांच्या खाली सारली. "हे पलंगाखाली शोधायचे आणि मी वर बसून गाणी म्हणायची. सगळ्या नात्यात त्यांना अडाणी मिस्तरी म्हणून हसायचे, तेही हसायचे. मी सांगणार होते रे. दर रविवारी सांगणार होते. आणि एवढी वर्षं राहून गेलं, आणि आता सांगायचं कुणाला?" एवढं सगळं ती एका दमात बोलली, आणि पाच महिन्यांचं साठलेलं असं बाहेर आल्यावर तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी भिंतीला धरून उभी राहिली. बायकोने तिच्या हातातली उशी घेतली. तो हात पुसायला काहीतरी शोधू लागला. आणि डबीतला बोळा काढून उलगडला तर कागदाच्या आतल्या घडीवर आणखी दोन ओळी होत्या. शुक्रवारी उलगडल्याच नव्हत्या. त्याने वाचल्या. मग आईपुढे धरल्या. चष्मा खुर्चीपाशी राहिला होता, म्हणून तिने कागद हातभर लांब धरला, आणि त्या अंतरावरून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचलं.

'शिवणयंत्राच्या खणात सापडली. विचारू नये. तिला बसू द्यावे.'

आईने कागद पुन्हा वाचला. मग उताणा-पालथा करून पाहिला, आणखी कुठे काही लिहिलंय का. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, आणि तोंडाचा एक कोपरा, जो फार दिवसांत वर गेला नव्हता, तो वर गेला.

"लबाड माणूस," ती म्हणाली. कागदाची पूर्वीच्या खुणांवर नीट घडी घातली, ब्लाउजात खोचली, आणि म्हणाली, "काढ ती."

मागचा पत्रा, खालची ओळ, सहा बोल्ट. बायकोने पक्कड धरली. स्प्रिंग निघाली ती त्याने जपून बाजूला ठेवली; पुडीला कागद नव्हता, म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि झाकणावर लिहिलं, धुण्याचे यंत्र, पुन्हा लावू नये. दुसरा घाणा घातला. पिळायचं बटण फिरवताच यंत्राला कंठ फुटला. धडधडलं, एका अंगाने लचकलं, आणि न्हाणीघराच्या दारातून बैठकीच्या दिशेने निघालं. बायको बाजूला झाली. खंड सरकतात हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती, पण ते असे डोळ्यांदेखत सरकतील असं तिला वाटलं नव्हतं. वायर ताणली गेली, आता पिन सुटणार, एवढ्यात त्याने आईला कमरेला धरून वर घेतलं, आणि ती बसली. उशी टेकवून, मांडी सावरून, पाय लोंबते सोडून. यंत्र जागच्या जागी थांबलं आणि तिच्याखाली थरथरत राहिलं. तिच्या टाचा पत्र्यावर वाजल्या. कानातली कुडी हलली, गालाची कातडी हलली, आणि मग आवाज आला, मोठा, कुणाला ऐकू जात नाही अशा खात्रीने काढलेला, शब्दाशब्दाला शहारे आलेला. ती बाबांना काहीतरी सांगत होती, बरंच मागचं, विहिरीच्याही आधीचं. तो जमिनीवर यंत्राशेजारी टेकून बसला आणि तिसऱ्या घाण्याचे कपडे उगाचच मोजू लागला.

फोन वाजला. ताई होती. आमच्या स्टेशनवर पोचलेय, गाडी लागलीय, आईचं सामान बांधून झालंय का, असं ती विचारत होती, आणि हा आवाज कसला, तुमच्याकडे भिंत पाडताय की काय. बायकोने काही सांगायला तोंड उघडलं, मग विचार बदलून फोन सासूच्या कानाशी नेला. आईने क्षणभर ऐकलं.

"न-न-नंतर कर गं," ती म्हणाली. "मी ब-बसलेय."